ऑर्किडच्या बीजाचे घरगुती संवर्धन

बीज म्हणजे वनस्पतीने आपल्या संततीस बांधून दिलेली शिदोरी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि बहुतेक बीजांच्या बाबतीत ती यथार्थही आहे. हरभऱ्याची डाळ, गव्हाच्या दाण्यातील पीठ, नारळातील पाणी व खोबरे ही सर्व वस्तुतः उगवत्या अंकुरासाठी साठवून ठेविलेली अन्नसामग्री होय. स्वतःच्या पानांनी अन्न तयार करू लागेपर्यंत अंकुर या सामग्रीवर जगतो. या सर्वसाधारण नियमास ऑर्किड कुल हा एक ठळक अपवाद आहे. ऑर्किडची माता आपल्या लक्षावधी संततीस जवळजवळ रिकाम्या हाताने जगात पाठविते.

या कुलातील सुमारे २८,००० जाती जगात ज्ञात असून भारतात त्यांपैकी साडेबाराशेच्या आसपास आढळतात. सह्याद्रीच्या परिसरात या वनस्पतींना आमरी या नावाने ओळखतात, आणि ज्येष्ठाच्या सुमारास आंब्या-फणसाच्या खोडावरून लोंबणारी ‘सीतेची वेणी’, म्हणजे रिंकोस्टायलिस रेट्यूसा, वनस्पतिशास्त्र न शिकलेल्या माणसासही परिचित असते. फुलांच्या सौंदर्यामुळे या वनस्पतींस मागणी फार. आणि बीजापासून रोप करणे दुर्घट आहे असा समज असल्यामुळे ही मागणी दीर्घकाळ रानातील झाडे ओरबाडूनच भागविली गेली. हा समज आता कितपत खरा आहे, ऑर्किडचे बीज उगवत नाही ते नेमके कशाच्या अभावी, आणि तो अभाव सामान्य घरातील साधनांनी भरून काढता येतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. बीजाचे स्वरूप

ऑर्किडचे पक्व बोंड तडकले म्हणजे त्यातून पिवळसर किंवा तपकिरी भुकटी बाहेर पडते. या भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे एक बीज होय. जातिपरत्वे त्याची लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून सुमारे ६ मिलिमीटरपर्यंत, आणि वजन सुमारे ०·३ ते २४ मायक्रोग्रॅमपर्यंत असते. एका बीजाचे वजन १ मायक्रोग्रॅम धरिले, तर एका ग्रॅममध्ये १० लक्ष बीजे मावतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास जाळीदार, पारदर्शक अशा पिशवीसारखे आवरण व त्याच्या मध्यभागी पेशींचा एक लहानसा लंबगोल पुंजका दिसतो. हा पुंजका म्हणजेच भ्रूण. त्यात बीजदल नाही, मूळ नाही, खोडाचा कोंबही स्पष्ट झालेला नाही. इतर सपुष्प वनस्पतींत भ्रूणाभोवती जे पुष्क तयार होते, ते येथे आरंभीच्या अवस्थेतच नष्ट होते. भ्रूणाच्या पेशींत स्निग्ध द्रव्याचे व प्रथिनाचे थोडे कण असतात. परंतु तेवढ्यावर रोप उभे राहणे शक्य नसते.

ही उणीव निसर्ग संख्येने भरून काढू पाहतो. १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑर्किडच्या परागणावरील आपल्या ग्रंथात चार्ल्स डार्विन यांनी इंग्लंडातील एका सामान्य भूऑर्किडच्या बोंडात सुमारे ६,२०० व संपूर्ण झाडावर १,८६,३०० बीजे असल्याचा हिशेब दिला आहे. ही सर्व बीजे उगवून वाढली, तर एकाच झाडाची पणतवंडे पृथ्वीवरील सारी जमीन झाकून टाकतील, असेही त्यांनी गणिताने दाखविले. उष्ण कटिबंधातील काही जातींच्या एका बोंडात तर १० लक्षांहून अधिक बीजे असतात. तरीही पृथ्वी ऑर्किडांनी झाकली गेली नाही. उलट अनेक जाती दुर्मिळ आहेत. विपुलता आणि दारिद्र्य यांचा असा संयोग वनस्पतिसृष्टीत क्वचितच आढळेल.

२. कवकाचे साहाय्य

युरोपात एकोणिसाव्या शतकात ऑर्किडचा छंद शिगेस पोहोचला, तेव्हा बीज उगवत का नाही हा प्रश्न बागवानांना छळीत होता. डब्लिनजवळील ग्लासनेव्हिन उद्यानाचे डेव्हिड मूर यांनी बीजापासून रोपे मिळविल्याचे १८४९ मध्ये नमूद केले, आणि इंग्लंडमध्ये जॉन डॉमिनी यांनी मुद्दाम संकर करून तयार केलेल्या कॅलॅन्थीच्या रोपास १८५६ मध्ये फूल आले. या मंडळींची रीत एकच होती: मातृवृक्षाच्या कुंडीतच, त्याच्या मुळांशी बीज भुरभुरावयाचे. असे केल्याने काही बीजे उगवत, अन्यत्र पेरलेली उगवत नसत. कारण मात्र कोणास सांगता येत नव्हते.

ते कारण १८९९ मध्ये नोएल बेर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाच्या हाती लागले. निओटिया या हरितद्रव्यरहित ऑर्किडची उगवती बीजे त्यांना रानात सापडली, आणि त्या प्रत्येक बीजात कवकाचे तंतू शिरलेले आढळले. पुढे त्यांनी हे कवक वेगळे करून वाढविले व त्याच्या संगतीत बीजे उगवून दाखविली. जर्मनीत हान्स बुर्गेफ यांनी याच विषयाचा विस्ताराने अभ्यास केला. मातृवृक्षाच्या कुंडीतील यशाचे रहस्य आता उलगडले: त्या कुंडीत आवश्यक ते कवक अगोदरच नांदत होते.

हे सहजीवन म्हणजे निव्वळ स्नेहसंबंध नव्हे. कवकाचे तंतू भ्रूणाच्या एका टोकाकडून आत शिरतात, पेशीमध्ये त्यांची वेटोळी बनतात, आणि भ्रूण ती वेटोळी पचवून त्यांतील अन्न घेतो. कवक प्रबळ झाले तर भ्रूण सडतो; भ्रूणाने कवकास थारा दिला नाही तर तो उपाशी मरतो. या दोहोंतील तोल साधला तरच रोप होते. वाऱ्याने उडालेले बीज योग्य झाडाच्या योग्य सालीवर, योग्य ओलाव्यात आणि योग्य कवकाच्या शेजारी पडणे हा योगायोग किती दुर्मिळ असेल, याची कल्पना यावरून येईल. लक्षावधी बीजांची उधळपट्टी ही वस्तुतः या योगायोगाची किंमत होय.

३. नडसन यांचा प्रयोग

कवक भ्रूणास नेमके देते काय, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लुइस नडसन यांनी असे अनुमान केले की, कवक हे सभोवारच्या कुजणाऱ्या द्रव्यांतील पिष्ट व तत्सम पदार्थांचे विघटन करून भ्रूणास मुख्यतः शर्करा पुरवीत असावे. तसे असल्यास शर्करा आपणच दिली म्हणजे कवकावाचून भागले पाहिजे. त्यांनी खनिज क्षार व साखर आगरमध्ये मिसळून ते माध्यम निर्जंतुक केले, त्यावर निर्जंतुक केलेली बीजे पेरली, आणि ती उगवली. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने ऑर्किडच्या लागवडीचा इतिहासच पालटला. अशा रीतीने वाढविलेली झाडे सुदृढ होणार नाहीत, ही शंकाही पुढे फिटली. कवकावाचून वाढविलेल्या झाडास फुले आल्याचा वृत्तांत नडसन यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केला. १९४६ मध्ये त्यांनी दिलेले ‘नडसन सी’ हे सूत्र आजही वापरात आहे.

मात्र या शोधाबरोबर एक नवी अडचणही जन्मास आली. जी साखर ऑर्किडच्या भ्रूणास हवी, तीच हवेतील प्रत्येक बुरशीस व जीवाणूसही हवी असते. बुरशीचा एक बीजाणू दोन-चार दिवसांत बरणी व्यापतो. ऑर्किडच्या भ्रूणास हिरवे होण्यासच कित्येक आठवडे लागतात. विरजणाचा एक थेंब भांडेभर दुधास पुरतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून घरगुती संवर्धनात खरी कसोटी आहे ती खताची वा औषधाची नसून स्वच्छतेची. साखर देणे सोपे आहे. ती इतरांपासून राखणे कठीण आहे. पुढील सर्व कृती या एका सूत्राचाच विस्तार होय.

४. परागण व बोंड

बीज हवे तर प्रथम बोंड हवे. नवशिक्याने रोपवाटिकेतून घेतलेल्या डेंड्रोबियम किंवा फॅलिनॉप्सिस यांपासून आरंभ करावा. बाजारातील काही संकरित जाती वंध्य असतात. म्हणून शक्य तर शुद्ध जातीचे झाड निवडावे. ऑर्किडच्या फुलात पुंकेसर व किंजल एकत्र होऊन एक स्तंभ बनलेला असतो. त्याच्या टोकाशी टोपीखाली परागपुंजांच्या पिवळ्या गोळ्या असतात, व त्याच्या खालच्या अंगास चिकट द्रवाने भरलेला खळगा असतो. ही कुक्षी होय. दात कोरण्याच्या काडीच्या टोकाने परागपुंज उचलून दुसऱ्या झाडावरील फुलाच्या कुक्षीत ठेवावा. थोड्याच दिवसांत पाकळ्या मलूल होतात व देठ फुगू लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बहुतेक वनस्पतींत फूल उमलते तेव्हा बीजांडे तयार असतात. ऑर्किडमध्ये ती परागण झाल्यावर तयार होऊ लागतात, व प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर कित्येक आठवड्यांनी, क्वचित महिन्यांनी होते. म्हणून बोंड फुगले एवढ्यावरून आत बीज आहे असे समजू नये, आणि ते काढण्याची घाई करू नये. पक्व होण्यास अनेक डेंड्रोबियमांना तीन ते चार महिने व त्याहूनही अधिक, फॅलिनॉप्सिसला सुमारे पाच ते सहा, तर कॅटलिया व व्हँडा यांना नऊ महिने ते वर्ष लागते. परागणाची तारीख लिहिलेली चिठ्ठी देठास बांधून ठेवावी.

बोंड दोन अवस्थांत काढता येते. एक, पूर्ण वाढलेले परंतु अद्याप हिरवे व न तडकलेले. दुसरे, पिकून तडकू लागलेले. पहिली रीत घरगुती कामास अधिक सोयीची. कारण बंद बोंडाच्या आत जंतूंचा प्रवेश झालेला नसतो, व केवळ बाहेरची साल निर्जंतुक केली की भागते. तडकलेल्या बोंडातील बीज मात्र प्रत्यक्ष रसायनात धुवावे लागते. त्याचा लाभ असा की ते साठविता येते: कागदाच्या पुडीत घालून, ती कॅल्शियम क्लोराइडसारख्या आर्द्रताशोषक द्रव्यासह घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून, बाटली शीतकपाटात ठेविली असता अनेक जातींचे बीज वर्षानुवर्षे जिवंत राहते.

पेरण्यापूर्वी थोडे बीज सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहावे. महाविद्यालयातील साधा सूक्ष्मदर्शकही यास पुरेसा आहे. जाळीदार आवरणात भरीव पुंजका दिसला तर बीज सुफल. नुसतीच रिकामी पिशवी दिसली तर ते पोचट. भाताप्रमाणे येथेही पोचट दाणे असतात, आणि काही बोंडांत तेच बहुसंख्य असतात. एवढी तपासणी केल्यास पुढील कित्येक महिन्यांचे व्यर्थ श्रम वाचतात.

५. पोषण-माध्यम

‘नडसन सी’ या माध्यमाचे प्रमाण १ लिटर पाण्यास पुढीलप्रमाणे आहे: कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम, अमोनियम सल्फेट ०·५ ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०·२५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०·२५ ग्रॅम, फेरस सल्फेट ०·०२५ ग्रॅम, मँगनीज सल्फेट ०·००७५ ग्रॅम आणि साखर २० ग्रॅम. हे मिश्रण गोठविण्यासाठी त्यात आगर घालतात. मूळ सूत्रात आगरचे प्रमाण १५ ग्रॅमच्या वर आहे. आजच्या शुद्ध आगरचे ७ ते ८ ग्रॅम पुरतात. स्वयंपाकघरात ‘चायना ग्रास’ या नावाने येणारा पदार्थ हाच. परंतु त्याची शुद्धता कमीअधिक असल्याने प्रथम थोड्या पाण्यात गोठवून पाहावे. पाणी ऊर्ध्वपातित असावे, अथवा स्वच्छ गाळलेले पावसाचे पाणी घ्यावे.

क्षार वेगवेगळे विरघळवून मगच एकत्र करावेत. कोरडी मिश्रणे एकदम पाण्यात टाकल्यास कॅल्शियम व फॉस्फेट यांचा साका खाली बसतो व दोन्ही निरुपयोगी होतात. मिश्रणाचा सामू ५·० ते ५·५ यांच्या दरम्यान असावा. तो कागदी पट्टीने पाहता येतो. चढविण्यास खाण्याच्या सोड्याची चिमूट व उतरविण्यास व्हिनेगरचे थेंब पुरतात. सामू फार उतरल्यास आगर नीट गोठत नाही. ज्यांना इतके क्षार जमविणे शक्य नाही, त्यांना पाण्यात पूर्णपणे विरघळणारे संमिश्र खत लिटरला १ ते २ ग्रॅम या प्रमाणात घेऊन साखर व आगर यांच्या साहाय्याने काम भागविता येते. सर्वच जाती त्यावर सारख्या वाढत नाहीत. परंतु डेंड्रोबियमसारख्या सोशिक जाती त्यावर रुजतात.

कोकणच्या वाचकास विशेष जवळची वाटावी अशी एक भर येथे सांगितली पाहिजे. माध्यमात लिटरमागे १०० ते १५० मिलिलिटर शहाळ्याचे गाळलेले पाणी घातले असता अनेक जातींची वाढ त्वरेने होते. नारळाचे पाणी हे द्रवरूप पुष्कच होय; त्यात शर्करेखेरीज पेशींच्या विभाजनास चालना देणारी सायटोकायनिन गटातील द्रव्ये असतात. ज्या पुष्काची ऑर्किडच्या बीजात वाण आहे, ते आपण नारळाकडून उसने आणतो, असे म्हणावयास हरकत नाही.

माध्यम उकळून आगर विरघळले की ते रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्यांत चौथाई भरावे. जॅमच्या रिकाम्या बरण्या यास योग्य आहेत. पत्र्याच्या झाकणास मध्यभागी लहान भोक पाडून त्यात कापसाचा घट्ट बोळा बसवावा, म्हणजे हवा खेळती राहील पण धूळ आत जाणार नाही. वर कागद बांधून या बरण्या प्रेशर कुकरमध्ये, पूर्ण दाब आल्यापासून २० मिनिटे वाफवाव्यात. दर चौरस इंचास १५ पौंड दाबाखाली तापमान १२१ सेल्सिअसपर्यंत चढते व जीवाणूंचे चिवट बीजाणूही मरतात. साध्या उकळण्याने ते मरत नाहीत. कुकर आपोआप निवू द्यावा; दाब एकदम सोडल्यास माध्यम उसळून बोळे भिजतात. तयार बरण्या आठवडाभर तशाच ठेवून पाहाव्यात. ज्यांत बुरशी दिसेल त्या बाजूस काढाव्यात. पेरणीनंतर बुरशी आली तर दोष माध्यमाचा की हाताळणीचा, हे या साध्या परीक्षेमुळे निश्चित सांगता येते.

६. पेरणी

प्रयोगशाळेत गाळलेल्या हवेचा झोत असलेल्या कक्षात पेरणी करितात. घरी त्याऐवजी निश्चल हवेची पेटी वापरावी. माशांसाठी असलेली काचेची जुनी पेटी आडवी करून तिच्या उघड्या तोंडास प्लॅस्टिकचा पडदा लावावा व त्यात हात जाण्यापुरती दोन भोके ठेवावीत. काम सुरू करण्यापूर्वी खोलीतील पंखा बंद करावा, केरवारा करू नये, पेटी आतून विरंजक द्रावणाने पुसून घ्यावी व पाव तास स्वस्थ राहून हवेतील कण खाली बसू द्यावेत. चिमटा, चाकू व बशा माध्यमाबरोबरच कुकरमध्ये निर्जंतुक कराव्यात. हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन रबरी हातमोजे घालावेत.

दोन सूचना येथे आवर्जून द्यावयाच्या आहेत. बंद पेटीत स्पिरिटचा फवारा मारून जवळ दिवा किंवा काडी पेटविल्यास भडका उडतो. म्हणून पेटीत ज्योत नेऊच नये. तसेच विरंजक द्रावणात व्हिनेगर किंवा अन्य आम्ल कदापि मिसळू नये. त्यापासून विषारी क्लोरीन वायू सुटतो. सामू उतरविण्याचे व्हिनेगर आणि हे द्रावण एकाच मेजावर न ठेवणे उत्तम.

विरंजक द्रावणासाठी १० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर १४० मिलिलिटर पाण्यात घोटून, निवळी गाळून घ्यावी. ती त्याच दिवशी वापरावी. हिरवे बोंड असल्यास फुलाचे वाळलेले अवशेष कापून, साल साबणाने व मऊ कुंचल्याने घासून, ते २० मिनिटे या निवळीत बुडवावे व निवळीसह पेटीत न्यावे. आत त्याची दोन्ही टोके कापून ते उभे चिरावे, आणि निर्जंतुक चिमट्याने बीज बरण्यांत पातळ पसरावे. कोरडे बीज असल्यास ते निवळीत धुण्याच्या साबणाचा एक थेंब घालून १० ते १५ मिनिटे हलवीत ठेवावे. नंतर निर्जंतुक पाण्याने धुऊन, निर्जंतुक पिचकारीने माध्यमावर सोडावे. अधिक वेळ ठेविल्यास जंतूंबरोबर भ्रूणही मरतो. दाट पेरणीचा मोह टाळावा. बरणीचे झाकण उघडे राहील तो काळ शक्य तितका थोडा असावा, आणि उघड्या तोंडावरून हात नेऊ नये. प्रत्येक बरणीवर जात, पेरणीची तारीख व माध्यम यांची नोंद असावी.

७. बरणीतील जीवन

बरण्या उजेडात, परंतु उन्हापासून दूर ठेवाव्यात. बंद काचेवर ऊन पडल्यास आतील हवा इतकी तापते की रोपे शिजून जातात. २२ ते २६ सेल्सिअस तापमान व खिडकीतील सौम्य उजेड, अथवा ट्यूबलाइटचा १२ ते १४ तास प्रकाश उत्तम.

डेंड्रोबियममध्ये साधारण दोन-तीन आठवड्यांत भ्रूण फुगून आवरण फोडतो. त्यापासून मोहरीहूनही लहान अशी एक गोलसर हिरवी गाठ बनते. तिला प्रोटोकॉर्म म्हणतात. आदिकंद हे नावही तिला शोभेल. ती मूळ नव्हे, खोड नव्हे, की पानही नव्हे. अंगावर केसासारखे बारीक तंतू फुटतात, माथ्यावर पहिल्या पानाचे टोक दिसते, आणि मूळ सर्वांत शेवटी येते. इतर बीजांत मूळ प्रथम बाहेर पडते. येथे क्रम उलटा आहे. दोन ते तीन महिन्यांनी गर्दी होऊ लागली म्हणजे रोपे ताज्या माध्यमावर विरळ लावावीत. या दुसऱ्या माध्यमात लिटरमागे ५० ते १०० ग्रॅम पिकलेल्या केळ्याचा गर व थोडा उत्प्रेरित कोळसा घालण्याची पद्धत आहे. कोळसा वाढीस बाधक द्रव्ये शोषून घेतो.

एखाद्या बरणीत बुरशी दिसल्यास ती उघडून वाचविण्याचा खटाटोप करू नये. उघडताच तिचे बीजाणू खोलीभर पसरतात आणि शेजारच्या बरण्या धोक्यात येतात. ती बंदच कुकरमध्ये वाफवून मग धुवावी. याच कारणास्तव सर्व बीज एकाच बरणीत न पेरता अनेक बरण्यांत वाटून पेरणे शहाणपणाचे असते.

८. बरणीबाहेर

आठ महिने ते वर्षभरात रोपांना दोन-तीन पाने व तितकीच मुळे आली की त्यांना बाहेर काढावयाचे. हा काळ सर्वांत नाजूक असतो. बरणीत हवा बाष्पाने संपृक्त असते, साखर आयती मिळते, रोगजंतू नसतात. अशा लाडात वाढलेल्या रोपाच्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो व ती पाणी धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून वैशाखातील कोरड्या उन्हाळ्यात हे काम करू नये. हवेत दमटपणा असावा, पण पावसाची थेट झड लागू नये. कोमट पाण्याने मुळांवरील आगर पूर्णपणे धुवावे. त्यातील साखर राहिली तर मूळ सडते. कोळसा, विटांचे बारीक तुकडे व नारळाच्या सोडणाचे लहान तुकडे यांच्या मिश्रणात एका कुंडीत पुष्कळ रोपे एकत्र लावावीत. वर प्लॅस्टिकचे आच्छादन ठेवून ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उघडे करावे. काही रोपे दगावतातच. उरलेल्यांस, डेंड्रोबियम असल्यास, आणखी दोन-तीन वर्षांत फूल येते. कॅटलियास पेरणीपासून पाच ते सात वर्षे लागतात.

९. या कार्याचे मोल व मर्यादा

१९६० मध्ये फ्रान्समधील जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या अग्रापासून ऑर्किडची अभिवृद्धी करण्याची रीत दाखविली, आणि तेव्हापासून बाजारातील बहुतेक झाडे एकाच झाडाच्या असंख्य प्रती असतात. मग बीजाची यातायात कशास, असा प्रश्न सहज उद्भवेल. उत्तर असे की, प्रती एकसारख्या असतात, बीजापासून आलेली रोपे भावंडे असतात. त्यांत कोणी रोगास तोंड देणारे, कोणी उन्हाळा सोसणारे निघते. जातीचे भवितव्य या विविधतेत आहे.

आपल्या प्रदेशातील ऑर्किडांचा पद्धतशीर अभ्यास पूर्वीच झाला आहे. सांतापाव व कापडिया यांचा मुंबई प्रांतातील ऑर्किडांवरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु ज्या वृक्षांवर या वनस्पती वाढतात ते वृक्षच तुटू लागले, तर ग्रंथातील वर्णन हीच त्यांची शेवटची खूण ठरेल. एक जुना आंबा पडला की त्याच्यासह सीतेच्या वेणीची पिढ्यान्‌पिढ्यांची वसाहत पडते. एका बोंडातून सहस्रावधी रोपे होऊ शकतात, ही गोष्ट अशा वेळी केवळ छंदाची राहत नाही.

तथापि येथे विवेक हवा. रानातील झाडे किंवा बोंडे घरगुती प्रयोगासाठी काढू नयेत. वनखात्याच्या अनुज्ञेवाचून तसे करणे कायद्यासही मान्य नाही. निळी व्हँडा, तांबडी व्हँडा व पादत्राण-ऑर्किडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली विशेष संरक्षण दिलेले आहे, व ऑर्किडचे संपूर्ण कुल आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंधांच्या करारात समाविष्ट आहे. तसेच बरणीत वाढलेली रोपे आपल्या मर्जीने रानात नेऊन बांधणे हेही योग्य नव्हे. एका बोंडातील सर्व रोपे एकाच मातेची असतात; त्यांनीच एखादे स्थळ भरले तर तेथील विविधता घटते. आणि त्याहून महत्त्वाचे असे की साखरेवर वाढलेले रोप जगले, तरी त्याच्या बीजास पुन्हा रानातील कवकच लागणार. साल, ओलावा व कवक यांसह ते स्थळ टिकले नाही, तर आपण रोप परत करू शकू, वंश नव्हे. म्हणून असे पुनर्रोपण तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखालीच व्हावे.

घरी ऑर्किडचे बीज रुजविणाऱ्यास या सर्वांत एक काम निश्चित करता येण्याजोगे आहे. आपल्या बागेतील झाडांपासून त्याने रोपे करावी, वाटावी, आणि रोपवाटिकेची गरज रानावर पडू देऊ नये. त्याबरोबरच परागणाची तारीख, बोंड पक्व होण्यास लागलेले दिवस, सुफल बीजांचे प्रमाण व प्रत्येक माध्यमावरील परिणाम यांची वही ठेवावी. सह्याद्रीतील अनेक जातींविषयी एवढ्या साध्या नोंदींचीही आज वाण आहे. महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेतल्यास, एक प्रेशर कुकर, काही रिकाम्या बरण्या आणि दोन वर्षांची चिकाटी एवढ्या भांडवलावर ते होण्यासारखे आहे.